वाटी तडकली नाही

बसलिंगप्पा दाजी गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला दोनदा म्हणालो, "नीट बघ रे." कारण दाजी झोपले की श्वास चालू आहे की नाही, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, शांताक्कालासुद्धा कळत नसे. माणूसच तसा गार. आमच्या तुळजापुरात ऊन असं पडतं की कावळे सावली बघून उडतात. त्या उन्हात दाजी आले की मांडवात माठ आणून ठेवल्यासारखं वाटायचं. त्यांच्या घरी परंड्याला पोचलो तर माठ खरंच रिकामा झालेला... त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलो की डोळ्यांपुढं येतो तो त्यांच्या लग्नाचा मांडव.

निजामाचा अंमल होता, रझाकारांचा धुमाकूळ अजून सुरू व्हायचा होता. मांडवात पाच हजार माणूस होतं. अक्का म्हणते दीडशे, पण ती पदराआडून मोजत होती. आमच्या घराची रीत अशी, की जावयाला मांडवात पहिलं दूध द्यायचं ते यशबाच्या, म्हणजे जेड दगडाच्या, वाटीत. ही वाटी हिरवी, शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखी. आमच्या पणज्यानं परंड्याच्या किल्लेदाराचा घोडा बरा केला, त्याचं ते बक्षीस. माझे वडील सांगायचे तेव्हा त्या घोड्याचा हत्ती व्हायचा. मी सांगतो तेव्हा मी त्याला पुन्हा घोड्यावर आणतो, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे.

वाटी पुढं आली आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी हात आडवा घातला. काका तहसिलीत पेशकार. त्यांच्या बोलण्यात निम्मी उर्दू आणि बोटात बोराएवढा हिरवा खडा. म्हणाले, "आम्ही हैदराबादेत असली यशब बघितलाय. त्यात जहर पडलं की भांडं तडकतं. बघू तुमचं!" झालं. व्याह्यांचा शब्द मोडायचा कुणी? धोतऱ्याच्या बिया उकळल्या, वाफाळता काढा वाटीत ओतला, आणि अख्खा मांडव कान लावून बसला. वाजंत्रीवाल्यानं तोंडातली सनई काढली. वाटी मात्र ढिम्म.

"खोटी!" काका ओरडले. "जे घर वाटीत फसवतं, ते पोरीत फसवणार न्हाय कशावरनं? गाड्या जुंपा!"

वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. मांडवातनं वऱ्हाड परत गेलेल्या पोरीला त्या काळी पुन्हा कोण विचारणार? शांताक्का बोहल्याजवळ हळदीच्या अंगानं उभी होती, तिच्या हातातल्या अक्षता गळत होत्या... बाहेर खरोखर बैलांच्या मानेवर जू चढलं होतं.

तेव्हा नवरा मुलगा पाटावरनं उठला. तोवर हा मुलगा बोलतो की नाही, याचीच आम्हाला शंका होती. त्यानं काढा ओतून दिला, वाटी धुतली, पुसली, आणि गार झाल्यावर गालाला लावली. मग उन्हात धरून आरपार पाहिली. "काका, हितं या. काचेत बारीक बुडबुडे दिसतात. ह्यात दिसतात का? ह्यात ढग हाईत, लोकरीच्या तंतूंसारखे." मग खिशातली सुरी काढून त्यानं शेजारच्या अत्तराच्या बाटलीवर ओढली. बाटलीवर ओरखडा. तीच सुरी वाटीच्या बुडावर ओढली. करडी रेघ उठली! मांडव हळहळला. त्यानं उपरण्यानं पुसली, तर रेघ गायब. लोखंडच झिजलं होतं, दगड नव्हे.

"मग तडकली का न्हाय?" काका हटेनात.

"तडकली असती तर ती काच असती, काका. उकळता काढा ओतला तुमी. दगडाला जहराचं काय कळतंय? त्याला कढत कळतं, तेबी यशब सोसतो."

"मग पी त्यात दूध!"

"पितो की. पर आधी राखेनं घासून आणा. वाटी खरी म्हंजी धोतरा खोटा, आसं न्हाय!"

पाच हजार माणूस हसलं. काकाही हसले, आणि बैलांच्या मानेवरचं जू उतरलं.

ही विद्या दाजींनी सोलापुरात शिकायला असताना उचलली होती. त्यांच्या खोलीशेजारी खडे घासणारा कारागीर राहायचा. पुढं दाजी मला पुष्कळ सांगायचे. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात यशब सापडत नाही. तो काश्मीरच्याही पलीकडच्या नद्यांतनं गोटे होऊन वाहत येतो. त्याच्यातल्या लोखंडानं त्याला हिरवा रंग चढतो. ब्रह्मदेशातनं येतो तो निराळाच दगड. दिसायला भाऊ, जातीनं परका. "हिरा कडक, म्हणून हातोड्यानं फुटतो," ते म्हणायचे. "यशबाचे तंतू बुरणुसाच्या दाबलेल्या लोकरीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. सोडवायला गेलं तर हातोडा दमतो."

एकदा मी विचारलं, "दाजी, काकांच्या अंगठीतला खडा तर यशब नव्हताच, नुसता मऊ जहरमोहरा होता, सुरीनं सहज ओरखडला असता. तिथंच का न्हाय दाखवलं?"

दाजींनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "मला लगीन लावायचं हुतं... चुलता मोडायचा नव्हता."

परवा पुन्हा परंड्याला गेलो. भाचा म्हणाला, "मामा, पुण्यात आता यंत्रावर दगड तपासतात. ओरखडा न्हाय, काय न्हाय, पक्कं सांगतात. वाटी घेऊन जाऊ का?" मलाही मोह झाला, छापील कागद मिळाला तर घोड्याचा पुन्हा हत्ती करता आला असता. वडिलांनी पाठवणीत दिलेल्या त्याच वाटीत शांताक्का शेंगादाण्याची चटणी काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"खरी निघाली तर मला नवं काय कळणार? आन् खोटी निघाली, तर ह्या वयात मी माहेरी जाऊ व्हय?"

माहेर म्हणजे आता मी एकटाच. तिनं माझ्या ताटात चटणी वाढली, आणि मी भाकरी मोडली.