एलोदियाची जीभ

तांसीतारो डोंगराच्या उतारावर पोत्यावरचा छाप वाचून खत ओळखणारा माणूस खुळाच म्हणायचा. तिथे रिकाम्या पोत्यात काहीही भरतात. चिमूट जिभेवर ठेवायची आणि खताचं नाव सांगायचं, ही रीत. आणि त्यात एलोदियाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. नवरा वारल्यावर त्याने कलम केलेली अवोकाडोची बाग सासूने, क्रिसांताने, तिच्यावर सोपवली ती या जिभेच्या भरवशावर.

ती जीभ हिवाळ्यातल्या तापाने गेली. ना तिखट कळे, ना खारट. एलोदियाने चकार शब्द काढला नाही. बाग हातातून गेली तर या घरात आपण कोण, ही धास्ती तिला झोपू देत नसे.

आज सकाळी तिने सवयीने पोत्यातली चिमूट चाखली, काही कळलं नाही, तरी मान डोलावली. पांढरं आहे म्हणजे नेहमीचं अमोनियम खतच, असं धरून वरच्या ओळीतल्या झाडांना सावलीच्या कडेने मापाचा डबा, सार्डिन मासळीचा रिकामा, भरभरून टाकत गेली. दुपारी दीर हिलारियो आला. उरलेल्या पोत्यात बोट घालून त्याने जिभेला लावलं.

"वहिनी, हे तर बोरॉन. एवढं कुठे गेलं?"

"सांडलं," ती म्हणाली. तो गेल्यावर ती वरच्या ओळीकडे धावली.

बोरॉन झाडाला बाटलीच्या बुचाएवढं द्यायचं. जास्त झालं की पानं कडेने करपतात आणि झाड वाळून जातं. डोंगरावर ढग उतरत होते. पाऊस आला की सगळं मुळांत जाणार. ती गुडघ्यांवर बसली आणि पालापाचोळ्यासकट माती ओरबाडायला लागली. अवोकाडोची मुळं वरच असतात, तीही बोटांत तुटून येत होती. थांबावं तरी मरण, ओरबाडावं तरी मरण. ती रडत होती.

क्रिसांता जेवण घेऊन आली ती समोरच उभी राहिली. एलोदियाने सगळं सांगून टाकलं, तापापासूनचं.

"तापाने चव गेली हे मला ठाऊक आहे," सासू म्हणाली. "तेव्हापासून तुझ्या हातच्या घेवड्याच्या शेंगा कधी खारट ढोण, कधी अळणी. हिलारियोलाही मीच दटावलं होतं, गुमान खा म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, पोरी. खताचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मुलाने बांधलेल्या कलमाच्या गाठीवर तिने हात ठेवला, मग जेवणाचा डबा खाली ठेवून शेजारच्या झाडापाशी गुडघे टेकले आणि मातीत बोटं घातली.

पहिला थेंब तिच्या मानेवर पडला. दोघींपैकी कुणीच वर पाहिलं नाही.