सतरा उतारे, नाव एकही नाही

नोझुकिले बाईंनी दक्षिण आफ्रिकेतल्या मथाथाजवळच्या एका शाळेत वीस वर्षं पोरं शिकवली आणि चाळिशीनंतर आमच्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. प्रबंधाचा विषय होता गुरांच्या आजारांवरचा झाडपाला. त्यात एका जाणत्या माणसाच्या बोलण्याचे सतरा उतारे होते, पण त्याचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं.

"हे बोलणं कुणाचं?" मी विचारलं. मी त्यांचा मार्गदर्शक, त्यामुळे परीक्षा समितीपुढे माझीच नाचक्की होत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. "चोरलंय की घरी बसून रचलंय? बोला, नाहीतर प्रबंध आज रद्द."

अध्यक्षांनी प्रबंध रद्द करायच्या सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

"सर, ते माझे सासरे आहेत," बाई पुटपुटल्या. "सुनेनं त्यांचं नाव घ्यायचं नसतं. मग लिहू कसं?"

मी स्वतः त्यांच्याच खोसा समाजातला, माझ्या आईनं जन्मभर हेच पाळलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा बाहेर बाकावरच बसला होता. त्याला आत बोलावलं.

"सूनबाई, तू बाहेर जा," तो म्हणाला. त्या गेल्यावर त्यानं काठी आपटली. "फाकामिले. लिही, मास्तर."

मी एकेक उतारा वाचून दाखवत नाव घालत गेलो. नवव्या उताऱ्याला त्यानं माझा हात धरला.

"हे माझं नाही, माझ्या आईचं आहे. तिचं नाव घाल. मला चोर समजलास काय?"