मुख्य पानावर मरण नको म्हणे

"समज मी मेलो."
अप्पांच्या ह्या एका वाक्यानं माझं सगळं बदललं.

परवा ते खरोखरच गेले.

शिवाजी पेठेत अप्पांचा सायबर कॅफे. कॉलेज अर्ध्यात सोडून मी तिथं दिवसभर पडीक. का, तर बेळगावहून तिचा मेल यायचा.

एकदा मेल आला नाही. मी कीबोर्डवर राग काढत होतो. अप्पांनी माऊस काढून घेतला.

"समज मी मेलो. तुझ्या काकूला मृत्यूचा दाखला पायजे. कुठं दाबायचं, दाव."

आपल्याकडची एक सरकारी साइट उघडली. वर हात जोडलेला फोटो, खाली पळती पट्टी, सहर्ष स्वागत.
दाखला काही सापडेना.

मग अप्पांना नादच लागला. रोज नवा देश, रोज अप्पा मेलेले.

सिंगापूरच्या साइटवर जन्म, लग्न, मरण असेच कप्पे. ब्रिटनच्या साइटवर माणूस गेल्यावर आधी काय करायचं, ते सरळ लिहिलेलं.
कॅनडा तर आत घ्यायच्या आधी भाषा विचारतो. घरात कानडी बोलणारे अप्पा त्यावर जाम खूश. "ह्ये बघ. पावण्याला आधी पाणी इचारल्यागत झालं."

त्या नादात मी साइटचं डिझाइन शिकलो.

एका नगरपालिकेची साइट करणाऱ्या कंपनीनं आज बोलावलं होतं. तिच्या घरच्यांनी तोंडावर सांगितलंय, आधी नोकरी, मग पोरगी. म्हणजे ही नोकरी मिळाली की सगळंच मिळालं.

मी मुख्य पानाचा नमुना दाखवला. पहिलीच ओळ: घरात कोणी वारलं आहे का?
त्याखाली जन्म, पाणी, घरफाळा.

साहेब हसले. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, पडद्यावर पहिलं मरण म्हणजे अपशकुन. वर फोटो घे, मरण आत कुठंतरी ढकल, उद्यापासून कामाला ये.

मी म्हटलं, रडत आलेल्या माणसानं आत कुठं शोधत बसायचं?

"कॉलेज पुरं न्हाय केलंस आणि आम्हाला शिकवतोस व्हय? फोटो घालतोस का जातोस?"

तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. खोटं कशाला बोलू, फोटो घालायला हात माऊसकडे गेला.

पण अप्पा, काल तुमच्या मुलाबरोबर दाखल्यासाठी मी कचेरीत ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलोय. काकू बाहेर पायरीवर बसून होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तिला मी सांगेन. दुसरी नोकरी शोधेन. पण पान असंच करणार, कुणी घेवो न घेवो.

सुखानं जावा, अप्पा.

साहेबांना म्हटलं, "जातो."
बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.