डिझेल वर येईना

अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी दादा गाडीखालीच होता. लासलगावला कांदा भरायला जायचं होतं, म्हणून तो ग्रीस मारायला आत शिरला. बराच वेळ बाहेर येईना, तेव्हा मी वाकून बघितलं.

दादा माझा थोरला भाऊ. जुनी ट्रक दोघांनी मिळून घेतली होती. चालवायचो दोघंही, पण इंजिनातलं कळायचं त्यालाच. झटक्यात त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'बघू'. भूक लागली तरी बघू, पाठ दुखली तरी बघू. काय हवंय ते वहिनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

पावसाळा गेला, थंडी गेली. नाशिक रोडच्या आमच्या घरासमोर गाडी जागची हलली नाही. मी एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायला लागलो. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी विकून टाका. हे दिवसभर तिच्याकडं बघत बसतात. मला बघवत नाय."

दादाला मीच विचारलं. त्यानं मान खाली घातली. मग डावा हात हलवला. जाऊ दे, असा.

मालेगावचे एक ड्रायव्हर ती घ्यायला तयार झाले. वयानं माझ्याएवढेच. म्हणाले, "भाई, पुरानी हाय ते चालेल. फक्त चालू करून दाखवा."

मी सुट्टीच्या दिवशी कामाला लागलो. दुसरी बॅटरी आणून लावली. किल्ली फिरवून सेल मारला. इंजिन जोरात फिरलं, पण धरलं नाही. सायलेन्सरमधून धूरही नाही. म्हणजे डिझेल आत पोचत नव्हतं, एवढं मला समजत होतं. डिझेलचा फिल्टर खोलला तर तळाला पाणी आणि काळा गाळ. नवा घातला. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून डिझेल वर ओढायचा छोटा हातपंप मारत बसलो. आधी नुसता फेस आला. फेस म्हणजे पाइपात हवा. फेस जाऊन डिझेल दिसायला लागलं तसा स्क्रू आवळला आणि पुन्हा सेल मारला.

गाडी सुरू झाली. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. दादा दारातल्या खुर्चीत ताठ बसला. पण लगेच इंजिनाचा आवाज बारीक झाला, गाडी दोन-तीनदा हादरली आणि बंद पडली.

पुन्हा स्क्रू ढिला केला, पुन्हा फेस. हवा कुठून तरी आत येत होती. सगळे सांधे आवळले, वायसर बदलले, पाइपावरून हात फिरवून बघितला. कुठं ओल नाही, थेंब नाही. दुपार कलली तरी तेच. इंजिनाचा डिझेलपंपच गेला असणार असं मी म्हणालो आणि पाना खाली टाकून पायरीवर बसलो.

वहिनींनी मला चहा दिला आणि दादापुढं ताकाचा ग्लास धरला. त्याला नळीनं प्यायची सवय लावली होती. तो ग्लास डाव्या हातात घेऊन ताक ओढायला लागला आणि मध्येच मान वर करून नळी ताकाबाहेर काढली. खर्र आवाज झाला, ताक सदऱ्यावर सांडलं.

"अहो, काय हे! लहान हायत का तुम्ही?" वहिनी पुसायला धावल्या. त्यानं पुन्हा तसंच केलं. त्याची नजर ग्लासाकडं नव्हती, माझ्याकडं होती. मग डिझेलच्या टाकीकडं.

"दादा, टाकीत डिझेल हाय रे. मी बघितलंय."

तो चिडला. "बघू! बघू!" म्हणाला. मग त्यानं नळी मधोमध दातांनी चावली, तिला भोक पाडलं, पुन्हा ताकात ठेवली आणि ओढलं. खाली ताक होतं, तरी तोंडात हवाच येत होती.

माझ्या ध्यानात आलं. टाकीच्या आत तळापर्यंत जाणारा पाइप असतो, त्यातूनच डिझेल वर ओढलं जातं. टाकीच्या तोंडावरचे नट काढून मी तो बाहेर घेतला. पाइपाला निम्म्या उंचीच्या जरा वर गंजून भोक पडलेलं. टाकी भरलेली असली की ते डिझेलखाली बुडायचं, म्हणून कधी जाणवलं नव्हतं. आता डिझेल खाली गेल्यावर तिथून वाराच ओढला जात होता.

पाइप नवा करून आणला, बसवला, हवा काढली. गाडी सुरू झाली ती चालूच राहिली. दादा हुंदके देऊन रडायला लागला. मी आणि शेजारच्या दोघांनी त्याला उचलून स्टेअरिंगवर बसवलं. उजवा पाय मी हातानं धरून एक्सलेटरवर ठेवला. तो तिथं नुसता पडून राहिला. दादानं पायाकडं बघितलं, मग समोरच्या काचेतून रस्त्याकडं. थोड्या वेळानं त्यानंच डावा हात पुढं करून इंजिन बंद करायची दोरी ओढली.

मालेगाववाले येऊन गाडी घेऊन गेले. निघताना दादाच्या पाया पडले. मी त्यांना नळीची गोष्ट सांगितली होती.

त्यानंतर दादानं खुर्ची दारात ठेवू दिली नाही. आत भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. जेवणही तुटलं. पुढच्या थंडीत झोपेतच गेला.

परवा मालेगाववाल्यांचा फोन आला. मागं इंजिनाची धडधड आणि ट्रॅफिकचा गोंगाट. "भाई, चांदवडला घाट चढताना दम सोडते. जरा बडे भाईंना विचारा ना."

दादा गेल्याचं मी सांगितलं. ते हळूच म्हणाले, "अल्ला... मला माहीत नव्हतं. माफ करा. ठेवतो."

"ठेवू नका," मी म्हणालो. "बॉनेटपाशी जा. फोन इंजिनाजवळ धरा."

बसमध्ये कामगार चढत होते. मी खाली उतरून लांब जाऊन उभा राहिलो आणि दुसरा कान हातानं झाकून घेतला.