मोरू मार्करची हार

मोरूबद्दल सांगते, पण तो माझा धाकटा भाऊ म्हणून त्याला डोक्यावर घेईन असं समजू नका. मुंबईच्या क्लबात लोक त्याला मास्टर म्हणत. इथे मुरुडात तो परटाचा मोरू, आणि मी परटाची गोदू. चूक त्याची होती तशी माझीही होती, तीही सांगते.

सत्तेचाळीस साली अब्दुस्समद शेठनी मुंबईहून एक भलंमोठं टेबल आणलं. शेठचा व्यापार पार आफ्रिकेपर्यंत, पण जीव सगळा खेळात. कुणी गोरा साहेब देश सोडून निघाला होता, त्याच्याकडून घेतलं. टेबल गलबतातून आलं. आत दगडाच्या पाच लाद्या, त्या उतरवताना खलाशांनी साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कडेला सहा जाळ्या. पांढऱ्या चेंडूला काठीनं टोला द्यायचा आणि बाकीचे चेंडू जाळीत पाडायचे. लाल पाडला की एक पॉइंट, काळ्याचे सात, आणि काळा सगळ्यांत शेवटी. या खेळाला म्हणतात स्नूकर.

आता मुरुडची हवा ती! मीठसुद्धा बरणीत पाझरतं इथे. महिन्याभरात बनात दमट झाली आणि चेंडू चिखलातून चालल्यासारखे रखडायला लागले. टेबलाला इस्त्री करावी लागते असं साहेब सांगून गेला होता. शेठनी आमच्याकडे निरोप धाडला. बाबा म्हणाले, "टेबलाला इस्त्री? शेठला ऊन लागलं काय?" पण मोरू गेला. वीस वर्षांचा होता तेव्हा. कोळशाची इस्त्री आधी वर्तमानपत्रावर टेकवायची, कागद पिवळा पडला तर थांबायचं. मग मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी एकाच दिशेनं फिरवायची, उलटी फिरवली की बनातीची लव बिघडली. रोज इस्त्री करता करता टेबल कुठे तसूभर उतरतं, कुठे चढतं, ते त्याच्या हाताला कळून गेलं.

शेठना खेळायला जोडीदार नव्हता. त्यांनी मोरूच्या हातात काठी दिली. इस्त्री करणारा, पॉइंट मांडणारा आणि मालकाशी खेळणारा, अशा माणसाला मार्कर म्हणतात. आमच्या मोरूला ती नोकरी लागली आणि वर्षभरात त्यानं शेठना हरवलं. घरी आला तो नाचतच.

"आणि शेठ काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. जेवले नाहीत म्हणे."

मी कपाळावर हात मारला. "मेल्या, परटाच्या पोटी जन्मलास ना? गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग असला तर आपण काय करतो? बोट दाखवतो? नाही ना? गुपचूप धुतो, घडी घालतो आणि हसून हातात देतो. मालकाला हरवतात होय रे?"

आमच्या आळीचा रिवाजच होता तो. लोकांचे डाग लोकांना दाखवायचे नाहीत. मोरूनं माझं ऐकलं, तिथेच सगळं फसलं.

त्या दिवसापासून मोरू रोज हरायला लागला. तेही कसं? अगदी चार-पाच पॉइंटांनी. चेंडू जाळीच्या तोंडाशी नेऊन असा उभा करायचा की बघणारा हळहळावा. मग हसायचा आणि म्हणायचा, "शेठ, आज नशीब तुमच्या बाजूला." मी धुतलेले कपडे घेऊन जायची तेव्हा शेठच्या बायकोबरोबर, सकिनाबीबरोबर, आतल्या दारात बसून खेळ बघायची. मला पॉइंटसुद्धा मोजता यायला लागले होते. शेठ खूश, मोरूचा पगार चालू, मीही खूश. अशी अकरा वर्षं गेली.

एकोणसाठ साली शेठकडे मुंबईच्या एका क्लबाचे सेक्रेटरी पाहुणे आले, पेस्तनजी नावाचे. दुपारी मोरू टेबलावर एकटाच हात चालवत होता, ते त्यांनी बघितलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला. त्यांच्या क्लबाला पगारी खेळाडू हवा होता, मेंबरांना शिकवणारा, गावोगाव जाऊन खेळून दाखवणारा. त्यांनी तिथल्या तिथे मोरूला विचारलं.

शेठ हसले. "पोरगा चांगला आहे, पेस्तनजी. पण अजून कच्चा. मी रोज हरवतो त्याला."

"मग तुमच्याशीच खेळू दे," पेस्तनजी म्हणाले. "तुम्हाला हरवलं तर नेतो. नाहीतर राहू दे इथेच."

मोरूनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे. अकरा वर्षं हरायला मीच सांगितलं होतं, आता जिंकायलाही मीच सांगायचं? मी मान खाली घातली. शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खेळ, बेटा. दया करू नकोस हां माझ्यावर!"

मोरू खेळला. एकदा टेबलावर वाकला तो वीस मिनिटं सरळ झालाच नाही. मोरूचे चौऱ्याऐंशी झाले, शेठचे अकरा. सकिनाबीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

शेठ खुर्चीत बसले. ओरडतील, हाकलून देतील, असं मला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "अकरा वर्षं, मोरू? रोज?"

मोरूनं काठी खाली ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच खेळत होतो रे."

ते ऐकून मला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, संध्याकाळ व्हायची वाट बघणारा, आणि आम्ही बहीणभावांनी त्याची प्रत्येक संध्याकाळ खोटी केली होती. शेठनी काठी भिंतीला लावली आणि आत निघून गेले.

मोरू मुंबईला गेला. त्याचं नाव झालं. मद्रास, कलकत्ता, कुठे कुठे खेळून आला. पगार घेऊन खेळतो म्हणून मोठ्या स्पर्धांत त्याला घेत नसत, पण त्या स्पर्धा जिंकणारे याच्याकडेच शिकायला यायचे. कोट घातलेला फोटो पाठवला त्यानं. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरले, खोटं कशाला बोलू! पण दर उन्हाळ्यात रजा मिळाली की स्वारी एसटीनं मुरुडला यायची, पिशवी ओटीवर टाकायची आणि तडक इस्त्री घेऊन शेठकडे. निखारे घालायचा, कागदावर टेकवायचा, सगळी बनात निगुतीनं इस्त्री करायचा आणि घरी परत यायचा. शेठ खुर्चीत बसून असायचे. बोलायचे नाहीत, पण जा असंही म्हणायचे नाहीत. अशी तीन वर्षं झाली.

चौथ्या वर्षी इस्त्री उरकून मोरू म्हणाला, "शेठ, चाळीस पॉइंट आधीच देतो. उघड, पाटीवर लिहून. चोरून एकही नाही."

शेठ उठले आणि भिंतीला लावलेली काठी घेतली. त्या रजेत मोरूनं त्यांना रोज हरवलं. चाळीस देऊनही हरवलं. शेठ चिडायचे, शिव्या द्यायचे, आणि हात धुऊन पोटभर जेवायचे. सकिनाबी म्हणाली, "गोदू, माणूस परत आला गं माझा."

मग चौसष्टची रजा उजाडली. त्या दिवशी शेठचा हात काही वेगळाच पडत होता. शेवटी टेबलावर एकटा काळा उरला. मोरूचे चौसष्ट, शेठचे आधीचे चाळीस धरून एकसष्ट. काळा पाडेल तो जिंकेल. पाळी मोरूची. त्यानं नेम धरला, मारला, आणि काळा जाळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

अगदी तसाच, अकरा वर्षं राहायचा तसा.

शेठनी तो पाडला. अडुसष्ट. पण हसले नाहीत. काठी टेकून मोरूकडे वळले. "खरं सांग, मोरू. दया केलीस?"

"आईशप्पथ, शेठ! चुकला माझा."

"तुझ्या थापांवर मी अकरा वर्षं विश्वास ठेवलाय," शेठ म्हणाले आणि दाराकडे वळले. "गोदू, तू सांग. तुझ्या जिभेला हाड नाही, पण तू कधी माझ्याशी गोड बोलली नाहीस."

आता मी काय सांगणार? खोटं शिकवणारी मीच. मी मोरूकडे बघितलं. मुंबईचा मास्टर, लाल कान करून उभा, खालचा ओठ दाताखाली, आणि काठीच्या टोकाला घासायचा खडू हातात दाबून दाबून पार चुरा केलेला. लहानपणी पतंग कटला की असंच तोंड व्हायचं त्याचं.

"शेठ," मी म्हटलं, "खोटा हरायचा तेव्हा हसायचा. आज त्याचं थोबाड बघा की."

शेठनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग तो सत्तरीचा माणूस लहान मुलासारखा ओरडला, "सकिना! अगं सकिना, बाहेर ये! मी जिंकलो!"

मोरू त्या दिवशी जेवला नाही.