बशीभर कोरी कॉफी

भाऊबीजेला लोकांचे भाऊ ताटात साडी घालतात. माझ्या भावाने घातली अ‍ॅल्युमिनियमची आठ पैलूंची किटली. वर ऐटीत म्हणाला, "ताई, एस्प्रेसो!" ओवाळणी बघायला जमलेल्या शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला असा राग आला की निरांजन विझवून आत निघून जावंसं वाटलं.

तो बोटीवर इंजिनखात्यात होता. इटलीच्या कुठल्याशा बंदरात त्याने ते भांडं घेतलं होतं, आणि त्याच्याबरोबर कॉफीच्या पुडीचा एक भलामोठा पत्र्याचा डबा. भांड्याचे तीन भाग. खाली पाणी भरायचं, मधल्या चाळणीत पूड घालायची, वरचा भाग फिरवून घट्ट बसवायचा आणि स्टोव्हवर ठेवायचं. वाफेचा जोर झाला की खालचं पाणी पुडीतून वर चढतं आणि कॉफी होऊनच बाहेर येतं. त्याने माझ्याकडून घोकूनच घेतलं, "पाणी खाली, पूड मध्ये, कॉफी वर, दूध कुठंच नाही."

हे शेवटचं माझ्या सासूबाईंना पटणं शक्य नव्हतं. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांची कॉफी म्हणजे म्हशीचं घट्ट दूध, सढळ साखर, वर किसलेलं जायफळ, आणि कॉफी आपली नावाला. भाऊ गेल्यावर त्यांनी मला बाजूला केलं आणि भांड्याच्या खालच्या भागात दूध, साखर, जायफळ असं सगळं घालून स्टोव्ह मोठा केला. काही वेळ शांतता. मग बाजूच्या बारीक भोकातून अशी पिचकारी उडाली की आढ्यापर्यंत डाग गेला. तो डाग पुढे कितीतरी दिवाळ्या चुन्याच्या दोन हातांखालूनही दिसत होता. आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला म्हनावं, बोटीवरच ऱ्हाऊ दे असली भांडी." आणि त्यांनी ते घासूनपुसून फळीवर शोभेला ठेवलं.

मी मात्र दुपारी सगळे निजले की ते खाली काढायची. पूड अंगठ्याने दाबली की पाणी वर चढतच नाही, नुसती पसरून ठेवावी लागते, हे मला चुकत चुकत कळलं. आच मंद हवी. पहिली धार काकवीसारखी दाट येते, ती खरी. मग भांडं घुरघुरायला लागायच्या आत खाली उतरवायचं, नाहीतर उरलेली वाफ सगळा कडवटपणा वर घेऊन येते. पहिले काही दिवस मी काढा प्यायल्यासारखं तोंड करून प्यायले. मग एका दुपारी त्या कडूपणाच्या मागून भाजलेल्या शेंगदाण्यासारखी गोडसर चव जिभेवर आली आणि तिथेच राहिली. आमच्या तिसगावात ही चव फक्त मला ठाऊक आहे, या विचाराने मी दिवसभर ताठ मानेने वावरले.

आमचं घर बाजाराच्या वाटेवर. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं आमच्या ओट्यावर टेकायची, आणि चहा घेतल्याशिवाय त्यांना कुणी उठू देत नसे. "आपल्या ओट्यावरनं कोन कोरड्या तोंडानं गेलं न्हाई," हे वाक्य मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ऐकलं. आत्याबाईंकडे दागिने फारसे नव्हते. त्यांचा दागिना म्हणजे हा ओटा.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. म्हैस आधीच आटली होती, ती विकली. गाय आणि बैल घेऊन माझे यजमान गुरांच्या छावणीवर जाऊन राहिले. घरात दुधाचा थेंब नाही. पाणी विहिरीच्या तळातून वाटीवाटीने भरायचं. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत आले, तर आत्याबाईंनी पुढचं दार लोटून घेतलेलं.

"आत्याबाई, दार का लावलं?"

"मानसं येत्यात."

"येऊ द्या की. कोरा चहा करू गुळाचा."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी भलतंच बोलले. "कोरा चा मयताच्या घरी देत्यात. माझ्या घरात कोन मेलंय?"

बाहेर ओट्याशी पावलं थांबत होती, कुणी "हाय का घरात?" म्हणत होतं आणि पुढे जात होतं. आत आम्ही दोघी चुलीपाशी गप्प. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना एवढं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी उठले आणि फळीवरून भाऊबीजेची किटली काढली.

"याला दूध लागत नाही," मी म्हटलं. "नाही म्हणून नाही. घालायचंच नसतं. तिकडे मोठमोठे लोक अशीच पितात."

त्यांनी किटली हातात घेऊन तिच्यात डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "कपात बुडाशीच ऱ्हाती की ग. लोक म्हनतील, हात आखडला." आणि त्यांनीच तोड काढली. कप बाजूला ठेवले आणि कॉफी थेट बशीत ओतली. बशी काठोकाठ भरली. इटलीत कुणी एस्प्रेसो बशीत पीत असेल असं मला वाटत नाही, पण तिकडच्या लोकांना दुष्काळात ओटा सांभाळायचा नव्हता.

आत्याबाईंनी स्वतः जाऊन दार सताड उघडलं.

पुढच्या बाजारापर्यंत ती कॉफी गावभर झाली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी गुळाचा खडा मागितला, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की याने ताप उतरेल. पण बश्या रिकाम्या होत होत्या. मी चुलीपाशी बसून तेच भांडं पुन्हा पुन्हा चढवत होते आणि घुरघुर व्हायच्या आत उतरवत होते. पूड संपत आली की भावाला पत्र टाकायचं, की नवा डबा यायचा. आमच्या घरची कॉफी कधी जळली नाही, हे मी आजही छातीठोक सांगेन.

एकदा ओटा भरलेला असताना शेजारची सून आली. तिच्याकडे एक शेळी होती आणि मांडीवरचं पोर होतं. पदराखालून तिने वाटी काढली. "काकी, वाईच दूध हाय शेळीचं. घाला कॉफीत."

बिचारीने मायेनेच आणलं होतं. पण ओट्यावरचे सगळे त्या वाटीकडे बघत होते, आणि त्या वाटीत काय आहे ते सगळ्यांना समजलं होतं. दूध घेतलं तर आजवर दिलेली प्रत्येक बशी नडीची ठरणार, आणि झिडकारलं तर ती पोरगी दुखावणार.

आत्याबाई हसल्या. "अग येडे, ह्याच्यात दूध घालीत न्हाईत. घातलं की चव मरती हिची. इचार आमच्या सूनबाईला." त्यांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं, वाटी पुन्हा तिच्या पदराखाली सारली. "हे तुझ्या लेकराला पाज. आन तू ही बशी घे."

पोरीने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "लई कडू हाय ओ काकी." सगळा ओटा हसला. आत्याबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्या क्षणी मला माझ्या सासूचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या आईचाही कधी वाटला नसेल.

पुढे शहरातल्या एका शहाण्याने मला ऐकवलं की तुमच्या त्या भांड्यातली खरी एस्प्रेसो नव्हेच, तिला मोठं यंत्र लागतं. मी म्हटलं, असेल बाबा. तिच्यावर मी आमचा ओटा उभा राहिलेला पाहिलाय, तुझ्या यंत्रावर काय उभं राहिलं ते सांग.

पुढच्या साली पाऊस झाला, चारा उगवला, यजमान जनावरं घेऊन परत आले आणि गाय व्याली. चीक संपून दूध चांगलं झाल्यावर मी पहिल्यांदा आत्याबाईंची कॉफी केली. दूध आटवलं, साखर सढळ घातली, जायफळ किसलं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. हळूहळू, डोळे मिटून प्यायल्या. मग पदराने ओठ पुसून म्हणाल्या, "लई दिसांनी कॉफी प्याले बग."

"मग इतके दिवस रोज माझ्याबरोबर बशी घेत होतात ती?"

"ती व्हय? इख हाय नुसतं."

तेवढ्यात ओट्यावर कुणी तरी खाकरलं. बाजाराचा दिवस होता. आत्याबाईंनी चटकन दुधाचा कप चुलीमागे सरकवला, पदर सारखा केला आणि बाहेर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, पाव्हने आल्यात. आपली कोरी ठेव."