बबिताची जोडी

पांढरकवड्याच्या भाड्याच्या घरात बबिताने सहा एंजल मासे आणले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लने नाक मुरडलं होतं. “याईले चारा घालाले टाइम कोनाले आहे?”

पुढे त्या सहातल्या दोघांनी आपणहून जोडी जमवली आणि बाकीच्यांना कोपऱ्यात रेटलं. बबिताने लेकीची जुनी पाटी टाकीत तिरपी उभी केली. मादीने तिच्यावर ओळीने अंडी घातली.

पहिल्या पाच खेपांना जोडीनेच अंडी गिळली. सहाव्यांदा अंड्यांना बुरशी लागली. बोअरचं पाणी जड, म्हणून बबिता त्यात फिल्टरचं पाणी मिसळू लागली. सातव्या खेपेला मात्र नर-मादी पाळीपाळीने पंखांनी अंड्यांना वारा घालत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पाटीवर बारीक शेपट्या वळवळल्या. गॅसवरची डाळ करपली, पण बबिता टाकीसमोरून हलली नाही.

तीन वर्षांत यवतमाळचा शोभेच्या माशांचा एक दुकानदार तिच्याकडूनच पिल्लं नेऊ लागला. प्रफुल्लच्या कचेरीतलेही लोक मासे बघायला यायचे.

एकदा ती दोन दिवस कळंबला आईकडे गेली. परतली तर जोडीची मोठी टाकी रिकामी.

“जोडी कुठी आहे?”

“साहेबाच्या घरी देऊन देल्ली. त्याईच्या मॅडमले आवडलीती. बदलीचं काम अडून राह्यलं होतं ना.”

“मले इचारलं काहून नाही?”

“मासेच तं होते, बबिता. दुसरे आणू.”

दुसऱ्या दिवशी पाण्याचं, खाण्याचं सांगायला म्हणून ती स्वतः साहेबांकडे गेली. टीपॉयवर काचेचा गोल वाडगा होता. त्यात नर एका अंगावर कलंडून श्वास घेत होता. मादी सकाळीच मेली होती.

“नाजूकच निघाले हो तुमचे मासे,” मॅडम म्हणाल्या.

“हा एक घेऊन जाऊ का? माझ्याकडे वाचेल कदाचित.”

“दिलेली वस्तू परत नेता?” मॅडम हसल्या. बबिता वाडग्याकडे न बघता उठली.

महिनाभरात प्रफुल्लची यवतमाळला बदली झाली. दुकानदाराचा फोन आला, तेव्हा “बंद केलं” एवढंच ती म्हणाली. प्रफुल्लने नव्या घराच्या बैठकीत दिव्यांची टाकी बसवली, मासेही विकत आणले. आलेल्या-गेलेल्याला तो कौतुकाने सांगतो, “आमच्या बबिताले लय नाद आहे याचा.”

ती त्या टाकीला हात लावत नाही. मासे मरतात, आणि तो गुपचूप दुसरे आणून सोडतो.